चाळीस माना

"मोकळा होत नाही म्हणजे?" गिरजाबाईंनी गॅस बारीक करून विचारलं. "तरी मी सांगत होते, हॉस्टेलचं खाणं बाधतं म्हणून. थांब, इसबगोल देते."

"पोटाचं नाही गं आजी, ग्राउंडवरचं बोलतोय. आय कान्ट गेट ओपन," असं म्हणून कबीर कपाळाला हात लावून बसला.

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये तीस वर्षं काढूनही गिरजाबाईंना हा खेळ पटलेला नव्हता. नाव फुटबॉल आणि सगळा कारभार हाताचा. कबीर कॉलेजच्या टीममध्ये वाइड रिसीव्हर होता. म्हणजे जोरात पळत सुटायचं, मागे लागलेल्या गड्याला चकवायचं, मोकळ्या जागेत पोचायचं आणि लांबून आलेला चेंडू झेलायचा. मैदानाच्या टोकाच्या कोपऱ्यात झेलला तर एकदम सहा गुण. पण यंदा त्याच्या टीमचे सगळेच रिसीव्हर जाम झाले होते. ज्या कोपऱ्याकडे पळावं, तिथे समोरचा गडी आधीच हजर. कोचने शेवटचं सांगून टाकलं होतं, शनिवारी जमलं नाही तर कबीर बाकावर. कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्यात घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. पोराने तीन वर्षांत त्या सहा गुणांच्या कोपऱ्यात एकही चेंडू झेलला नव्हता.

"काऊन होत नाही मोकळा? काहीतरी कारण असेलच ना," भानुदास म्हणाले. नागपूर सोडून चाळीस वर्षं झाली तरी त्यांचं 'काऊन' काही सुटलं नव्हतं. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात माल का बिघडतो, एवढंच शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि रिटायर झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. आता आयतीच केस घरी चालून आली म्हटल्यावर त्यांना काय हवं होतं?

"आमचे सिग्नल तर कुणाला कळूच शकत नाहीत, आजोबा. मराठी आहेत."

ही अक्कल कबीरचीच. चेंडू फेकणारा टेक्सासचा उंच पोरगा 'तेच्चा' असं ओरडला की स्कोअरबोर्डच्या कोपऱ्याकडे पळायचं, 'वारन' ओरडला की बँडच्या कोपऱ्याकडे. ठेचा आणि वरण. अख्ख्या ॲरिझोनात कुणाच्या बापाला कळणार आहे, असं सगळ्यांनाच वाटत होतं. भानुदासांना तर या गोष्टीचा एवढा अभिमान, की समाजाच्या चाळीस लोकांना घेऊन ते प्रत्येक मॅचला पुढच्या दोन रांगा अडवून बसत.

कॉलेजने टाकलेले व्हिडिओ लावून भानुदास दोन दिवस टीव्हीसमोर ठाण मांडून बसले. वहीत रकाने पाडले. ऊन, वारा, बूट, गवत, सगळं तपासलं. हाती काही लागेना. मग एक गोष्ट ध्यानात आली. यंदा टीम एकच मॅच जिंकली होती आणि त्या दिवशी पोरं अगदी माळरानावर सुटल्यासारखी मोकळी पळाली होती. तारीख बघितली तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची. सगळा समाज त्या दिवशी हॉलवर होता. मैदानावर आपलं एकही माणूस नव्हतं.

भानुदासांनी रिमोट उचलला. हरलेल्या मॅचचा व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावला, पण या वेळी मैदान सोडून प्रेक्षकांच्या पुढच्या दोन रांगा बघितल्या. पोरगा 'तेच्चा' म्हणतो, चेंडू अजून हातात आहे, आणि निळी टोपी घातलेला एक म्हातारा झटकन स्कोअरबोर्डच्या कोपऱ्याकडे मान वळवतो. त्याच्या पाठोपाठ चाळीस माना. समोरच्या टीमचा गडी आधी प्रेक्षकांकडे बघतो आणि मग निवांत त्या कोपऱ्याकडे निघतो.

निळ्या टोपीचा म्हातारा कोण, हे काही वेगळं सांगायला नको.

"पोरा, तुमचं गुपित आम्हीच फोडलं रे," भानुदासांनी फोनवर कबूल केलं. "शनिवारी आम्ही कोणी येत नाही."

कबीर आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "नो नो, आजोबा. तुम्ही यायलाच पाहिजे. सगळे या. ते परत तुमच्याकडेच बघणार ना?"

भानुदासांना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा ते जागेवरून उठूनच उभे राहिले.

शुक्रवारी हॉलच्या पार्किंगमध्ये तालीम झाली. ठेचा म्हटलं की बँडकडे बघायचं, वरण म्हटलं की स्कोअरबोर्डकडे. चाळीस शिकलेली माणसं, त्यात अकरा पीएचडी, पण निम्म्यांच्या माना चुकीच्या बाजूला. "शिट्टी होईपर्यंत मान परत फिरवायची नाही," भानुदासांनी दम भरला. "कोणी फितूर झालं तर माझ्याशी गाठ आहे."

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. समोरचे गडी वेड्यासारखे भलतीकडे धावत होते. पण तेही काही कमी नव्हते. शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा कबीरची टीम चार गुणांनी मागेच होती. आता एकच चेंडू. जमलं तर जमलं.

"तेच्चा!"

चाळीस माना बँडकडे वळल्या. समोरचा गडी तिकडेच सुसाट सुटला. आणि मागे, स्कोअरबोर्डच्या कोपऱ्याकडे, कबीर एकटा पळत असणार. भानुदासांची मान शिवशिवायला लागली. नातू तिकडे आणि आजोबा इकडे ढोल बडवणाऱ्या एका जाड्या पोराकडे टक लावून बसलेले.

"एकदाच बघतो," ते पुटपुटले.

"मान," गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याची हनुवटी घट्ट धरली.

मागे एवढा कल्लोळ उठला की बाकं थरथरली. शिट्टी झाली. माना वळल्या तेव्हा कबीर पोरांच्या ढिगाऱ्याखाली होता आणि स्कोअरबोर्डवर आकडा बदललेला होता. मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. यातल्या एकानेही काही पाहिलं नव्हतं.

कबीर हेल्मेट काढून धावत आला. "आजोबा, पाहिलंत ना?"

"पापणीसुद्धा हलवली नाही," भानुदास म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

"वन हँड! लाइनच्या अगदी आत!"

"एका हाताने घेतलास?" भानुदासांच्या तोंडून निघून गेलं.

कबीर बघतच राहिला. मग त्याला सगळं उमगलं आणि त्याने आजोबांना मिठीच मारली. "व्हिडिओ उद्या येईल. पण थांबा, आत्ताच दाखवतो." त्याने टेक्सासच्या पोराला हाक मारली. मैदान रिकामं झालं होतं. चाळीस जण कुंपणाला चिकटून, या वेळी बरोबर कोपऱ्याकडे डोळे लावून उभे राहिले. कबीर पळाला. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. चेंडू सरळ त्याच्या दोन्ही हातांत आला आणि साबणासारखा निसटून खाली पडला.

"बघितलंत?" गिरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणून सांगत होते, तिकडे बघू नका."