पेईजुंगचा जोर आणि कचऱ्याची गाडी

फान पेईजुंगने नोकरी सोडली त्या दिवशी घरातली सगळी घड्याळं उतरवून कपाटात ठेवली आणि त्यांच्या जागी भिंतीवर एक दोरी बांधली. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे. लाल चिमट्याला लटकलेली कामं अंगात भरपूर जोर असताना करायची, पिवळ्याची बेताचा जोर असताना, आणि करड्याची सगळा जोर संपल्यावर. घड्याळाकडे बघायचं नाही, स्वतःकडे बघायचं, एवढाच नियम.

पद्धत वाईट होती असं कोणी म्हणणार नाही. ऑफिसात दहा वर्षं जो माणूस दुपारच्या मीटिंगला डोळे उघडे ठेवून झोपायचा, त्याने या दोरीच्या जिवावर चार महिन्यांत अख्खं पुस्तक लिहून काढलं. विषय अर्थातच दोरी आणि चिमटे. हस्तलिखित एका प्रकाशनाकडे गेलं आणि तिथल्या संपादिका वेन बाईंना ते आवडल्याचंही कळलं. करार मात्र अजून झाला नव्हता.

त्याची बायको शिउचिन दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि तिथे घड्याळ होतं. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "हे बघ, नवीन वर्षापर्यंत मी काही बोलणार नाही. तोवर करार झाला तर झाला. नाही झाला तर दादाच्या दुकानात जायचं."

दादाचं दुकान कमोडचं होतं. मेहुणा मनाने चांगला. दर आठवड्याला फोन करून सांगायचा, "भाऊजी, तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय बरं का! कमोडला कधी मंदी येत नाही." फोन ठेवल्यावर पेईजुंग बराच वेळ करड्या चिमट्यांकडे बघत बसायचा.

पद्धतीत अडचण एकच होती, कचऱ्याची. ताइपेत कचरा दाराबाहेर ठेवून मोकळं होता येत नाही. पालिकेच्या निळ्या पिशवीत बांधायचा, आणि संध्याकाळी गाडी गाणं वाजवत गल्लीत आली की आपल्या हाताने तिच्यात टाकायचा. कचऱ्याला पेईजुंगने करडा चिमटा लावला होता. पण गाडी यायच्या सुमारास नेमका त्याचा जोर लाल व्हायचा. वाक्यांमागून वाक्यं सुचायची, खाली गाणं वाजायचं, गल्ली चपला फटफटवत धावायची, आणि हा लिहीत बसायचा. जोर संपून तो पिशवी घेऊन चार मजले उतरेपर्यंत गाडी दोन गल्ल्या पुढे गेलेली असायची. मग वास येऊ नये म्हणून माशांचे काटे, साली, कालवणाचे उरलेसुरले तुकडे पुड्या बांधून फ्रीजरमध्ये जायचे. हळूहळू फ्रीजरमध्ये बर्फ ठेवायलाही जागा राहिली नाही.

"जगाला शिस्त शिकवायला निघालाय, आणि घरात कचरा गोठवून ठेवलाय," शिउचिन म्हणायची.

"शिस्त नाही, लवचीकता."

"मग जरा वाक आणि खालची पुडी काढ. मला मटार हवेत."

अशात एका दुपारी वेन बाईंचा फोन आला. करार करायच्या आधी त्यांना ही पद्धत प्रत्यक्ष घरात कशी चालते ते बघायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी जेवायलाच या, असं ठरलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी जरा घुटमळत विचारलं, "फान सर, तुमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी किती वाजता येते हो?"

ही आपली परीक्षा आहे हे पेईजुंगने लगेच ओळखलं. तो ऐटीत म्हणाला, "मला ठाऊकसुद्धा नाही, बाई! हीच तर माझ्या पद्धतीची ताकद आहे."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मिसेस फान आहेत का जवळ?"

शिउचिनने फोन घेऊन सांगितलं, साडेसातला. बाईंनी वेळ दोनदा विचारून पक्की केली. "बघितलंस? किती बारकाईने अभ्यास करतात," पेईजुंग म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याच्या सासूबाई आल्या. दक्षिणेत समुद्रकाठी त्यांचं माशांचं तळं आहे, आणि तळ्यातले मासे घेतल्याशिवाय त्या गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत. येऊन त्यांनी चहाच्याही आधी फ्रीजर उघडला.

"जावईबापू, हे काय?"

"ते करडं काम आहे, आई."

"करडं असो नाहीतर हिरवं, वास एकच येतो." त्यांनी सगळ्या पुड्या काढून मागच्या गॅलरीत बादलीत टाकल्या, फ्रीजर पुसला आणि आपले मासे आत ठेवले. "पाहुण्या मोठ्या घरच्या आहेत म्हणता. त्यांना जाताना सहा मासे बांधून द्यायचे. रिकाम्या हाताने कोणी जाता कामा नये आपल्याकडून."

संध्याकाळी वेन बाई आल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, जरा दमलेल्या. एका हातात अननसाच्या केकचा डबा आणि दुसऱ्या हातात मोठ्या दुकानातली सुंदर हिरवी कागदी पिशवी. डबा त्यांनी दोन्ही हातांनी सासूबाईंना दिला आणि हिरवी पिशवी हळूच दाराशी, चपलांच्या मागे सरकवली.

सासूबाईंच्या नजरेतून ती सुटणार नव्हती. "अगंबाई, हेपण आणलंत? कशाला एवढं!"

"नको नको, ते राहू द्या इथेच," वेन बाई घाईघाईने म्हणाल्या. "खरंच, त्यात विशेष काही नाहीये."

"सगळे असंच म्हणतात!" सासूबाईंनी पिशवी उचलली. "बाई गं, जड आहे केवढी! फार खर्च केलात तुम्ही."

"आई, प्लीज, मला फार लाज वाटतेय हो."

"लाज कसली? घर तुमचंच आहे." पाहुणा जितका नको म्हणेल तितकं आपण जोरात ओढायचं, हे सासूबाईंना लहानपणापासून शिकवलेलं. त्या पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. वेन बाईंचा हात हवेत तसाच राहिला.

आत सासूबाईंनी बघितलं तर हिरव्या पिशवीत एक निळी पिशवी, घट्ट गाठ मारलेली, वर सरकारी शिक्का. त्यांच्या गावात कचरा कुठल्याही पिशवीतून टाकतात, त्यामुळे ताइपेची निळी पिशवी त्यांनी कधी निरखून बघितली नव्हती. शिक्का आहे म्हणजे भारी दुकानातली असणार. हाताला गार लागते म्हणजे मटण असणार. आणलेली भेट पाहुण्यासमोर उघडायची नसते, म्हणून त्यांनी निळी पिशवी न उघडता फ्रीजरमध्ये, माशांच्या जागी ठेवली. हिरवी पिशवी टाकवेना. तिच्यात त्यांनी वेन बाईंसाठी सहा मासे भरले आणि विसरायला नको म्हणून ती पुन्हा दाराशी नेऊन ठेवली. ती दाराशी परत आलेली बघून वेन बाईंच्या जिवात जीव आला आणि त्यांनी पहिल्यांदा सूप प्यायलं.

पेईजुंग आता रंगात आला होता. दोरी दाखवली, चिमटे दाखवले, लाल जोर कसा ओळखायचा ते उभं राहून करून दाखवलं. बाई मान डोलवत होत्या, पण त्यांचा एक कान खिडकीकडे होता.

"तुमचा जोर आत्ता करडा झालाय," असं म्हणत त्याने त्यांच्या बाहीला एक करडा चिमटा लावला. शिउचिनने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात लांबून गाणं ऐकू आलं. इमारतीतली दारं धडाधड उघडू लागली.

"फान सर, गाडी आली," वेन बाई म्हणाल्या.

"येऊ द्या!" पेईजुंगचा चेहरा उजळला. "तुम्हाला हेच तर दाखवायचं होतं. खाली गाडी आलीय, सगळी गल्ली पळतेय, पण माझा जोर आत्ता लाल आहे. म्हणून मी हललो नाही. बघा!"

"अहो, गाडी जाईल!"

"उद्या परत येईल."

"उद्या उद्या करत महिना झाला!" वेन बाई ओरडल्या, उठल्या, सासूबाईंच्या चपला पायात अडकवल्या, दाराशी ठेवलेली हिरवी पिशवी उचलली आणि जिना उतरत सुटल्या. बाहीवरचा चिमटा तसाच होता. मागून पेईजुंग, आणि त्याच्या मागे गॅलरीतली बादली आणि एक रिकामी निळी पिशवी घेऊन शिउचिन.

खाली गाडीभोवती अख्खी गल्ली जमली होती. वेन बाईंनी पिशवी फेकायला हात उचलला तोच गाडीवरच्या माणसाने ती वरच्यावर धरली.

"बाई, पालिकेची पिशवी कुठाय? ही चालत नाही."

"आत आहे, आत!"

त्याने आत डोकावून बघितलं. "आत मासे आहेत."

पहिल्या मजल्यावरच्या को काकू शेजारीच उभ्या होत्या. गल्लीत को काकूंच्या नकळत कचरासुद्धा टाकता येत नाही. त्यांनी मान खुपसून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "अगं, हे तर शिउचिनच्या आईच्या तळ्यातले! एवढे ताजे मासे टाकताय? पाहुण्यांना जेवण आवडलं नाही वाटतं."

चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून सासूबाईंनी हे सगळं बघितलं होतं. त्या कठड्यावरून वाकून ओरडल्या. "नको होते तर तसं सांगायचं होतं! गाडीत कशाला टाकायचे, बाई?"

"नाही हो आई, तसं नाही!" वेन बाई रडकुंडीला आल्या. "माझी निळी पिशवी कुठे गेली?"

"ती होय? ती फ्रीजरमध्ये जपून ठेवलीय! तुमची भेट मी टाकेन होय कधी?"

"ती भेट नाहीये, आई. तो कचरा आहे."

गल्लीतल्या सगळ्या माना वर, चौथ्या मजल्याकडे वळल्या. गाडीचं गाणं चालूच होतं, आणि थोड्या वेळाने गाडी पुढे निघाली तसं तेही लांब गेलं. पेईजुंगच्या डोळ्यांसमोर पांढरे कमोड ओळीने उभे राहिले. सासू दुखावली, संपादिकेची शोभा झाली, आणि हे ज्याच्या पद्धतीमुळे झालं तो लेखक मधोमध उभा. करार कसला होतोय आता!

शिउचिनने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. "लाल जोर आहे ना? मग पळ की!"

पेईजुंग पळाला. चार मजले चढला, फ्रीजरमधून निळी पिशवी ओढून काढली, चार मजले उतरला. को काकूंना गाडीचा सगळा रस्ता पाठ. "आता ती देवळाच्या गल्लीत वळेल. नूडलवाल्याच्या मागच्या बोळातून जा!" एका हातात निळी पिशवी आणि मागे वेन बाई, असा तो बोळात शिरला.

"बाई, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "पण तुम्ही दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना कचरा का घेऊन येता?"

"तुमच्यामुळे!" बाईसुद्धा धापा टाकत होत्या. "तुमचं हस्तलिखित मी नुसतं वाचत नाहीये, महिनाभर पाळतेय. दोरी बांधली, चिमटे लावले. कामं भराभर होतात, हे खरं. वीस वर्षांत इतकी शांत झोपले नव्हते, हेही खरं. पण कचऱ्याला करडा चिमटा लावलाय तुम्ही, आणि गाडी येते तेव्हा माझाही जोर लाल असतो हो! फ्रीजर भरला. म्हटलं, हा माणूस हे कसं जमवतो ते तरी बघू, आणि जाता जाता तुमच्या गाडीत एक पिशवी टाकू."

"मीही जमवत नाही," पेईजुंगने धावता धावता कबूल केलं.

"ते बादली बघूनच कळलं."

देवळाच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी गाठली. तोच माणूस, तोच हातमोजा. त्याने निळी पिशवी घेतली, शिक्का बघितला आणि आत टाकली. दोघं देवळाच्या पायरीवर बसले. हवा थंड होती तरी दोघांनाही घाम फुटला होता. वेन बाईंना आता बाहीवरचा चिमटा दिसला. तो काढून त्यांनी पेईजुंगच्या हातात ठेवला.

"तुमचा जोर तुमच्या ताब्यात आहे, सर. गाडी नाही," त्या म्हणाल्या. "जे आपल्यासाठी थांबणार नाही त्याची वेळ आधी ठरवायची आणि बाकीचा दिवस आपल्या मर्जीने वाकवायचा. हे पहिल्या प्रकरणात लिहा. लिहिणार असाल तर करार सोमवारी पाठवते."

पेईजुंगने तिथेच होकार दिला. त्याला इतका आनंद झाला की परत येताना त्याने को काकूंना वाकून नमस्कार केला, आणि को काकूंना वाटलं याने परत काहीतरी घोळ घातलाय. घरी सासूबाईंनी वेन बाईंना पुन्हा सहा मासे बांधून दिले. या वेळी पारदर्शक पिशवीतून.

सोमवारी करार आला. त्यात एक कलम होतं: सुधारलेलं प्रत्येक प्रकरण लेखकाने दर शुक्रवारी संध्याकाळी, आपल्या गल्लीत गाडी येईल तेव्हा, गाडीपाशी संपादिकेच्या हातात द्यावं. त्या वेळी संपादिका आपली पिशवी घेऊन तिथे असतीलच. कपाटातलं एक घड्याळ परत भिंतीवर आलं, दोरीच्या बरोबर वर. मेहुण्याने खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दिली.

आता शुक्रवारी गाणं वाजलं की सगळ्यांच्या आधी पेईजुंग खाली असतो, एका हातात निळी पिशवी आणि दुसऱ्या हातात प्रकरणाचं पाकीट. मागच्या शुक्रवारी घाईत त्याने पिशवी वेन बाईंना दिली आणि पाकीट गाडीवरच्या माणसापुढे धरलं. त्या माणसाने पाकीट उघडून दोन पानं चाळली आणि परत केलं.

"पालिकेच्या पिशवीत नाही," तो म्हणाला. "घेता येणार नाही."

"मग मलाच घ्यावं लागणार," म्हणत वेन बाईंनी पाकीट काखेत मारलं आणि दोन्ही पिशव्या गाडीत टाकल्या.