मयत फ्रिजचा पंचनामा

किसनतात्या बंद पडलेल्या मिक्सरला 'मयत' म्हणतात. गमतीनं नाही. 'सदर मयत मिक्सर ओट्याखाली पालथ्या अवस्थेत मिळून आला,' असं ते निळ्या शाईत फुलस्केपवर लिहितात आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेतात.

तात्या आमच्या अवसरी बुद्रुकचे माजी पोलीस पाटील. विहिरीत कुणी सापडो की हायवेला कुणाला गाडी ठोको, हवालदार सांगायचे आणि पंचनामा तात्या लिहायचे, कारण अक्षर मोत्यासारखं. पद सुटलं, हात सुटला नाही.

त्यांची-माझी गाठ पडली यादीमुळे. आमच्या बचत गटानं गावातली बंद उपकरणं गोळा करायचं काम घेतलं. केंद्र सरकारचा नियमच आहे, असल्या वस्तू भंगारात फोडायच्या नाहीत, नोंदणी असलेल्या कारखान्यातच सुट्या करायच्या. दर तीन महिन्यांनी कारखान्याचा टेम्पो यायचा. तोवर माल ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. मी यादी केली: क्रमांक, वस्तू, घर, शेरा. चार रकाने. मला कुठेही चार पुरतात.

पहिल्याच दिवशी तात्यांनी यादी उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ह्यात कारण कुठंय?"

"कशाचं कारण?"

"मरणाचं."

पाचवा रकाना आखावा लागला. मग प्रत्येक बाईची उलटतपासणी. "शेवटचा चालू कुणी पाह्यला? त्या वक्ताला घरात कोण कोण व्हतं?" एकीनं तर घाबरून कबूल केलं की चटणी वाटताना चमचा आतच राहिला होता, पण ह्यांना सांगू नका. दुसरी म्हणाली, "मला वाटतं, सासूबाईंनीच मुद्दाम पाणी ओतलं."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. "वाटतं ते ठिवा घरी. पंचनाम्यात डोळ्याला दिसतं तेवढंच लिवायचं."

हे वाक्य दिवसातून दहादा. दुसरा हट्ट फ्रिजचा. फ्रिज उभाच न्यायचा. पंचायतीचा शिपाई बबन एकदा वैतागला.

"तात्या, गॅस ग्येला, मोटर जळली. मेलाय त्यो! आडवा घातला तर काय व्हतंय राव?"

"मेलं म्हणून कसंबी न्यायचं व्हय रे?"

बबननं खांदा लावला आणि फ्रिज उभा राहिला.

एवढ्या कायदेवाल्या माणसाचा एक फ्रिज मात्र माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून अडकला होता. 'किसनतात्या, फ्रिज, एक, बंद.' विचारलं की म्हणायचे, "पुढच्या खेपेला." चार खेपा झाल्या. एकच ओळ दर वेळी नव्या कागदावर उतरवायची म्हणजे मला चपलेत खडा राहिल्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात टेम्पोवाल्यानं फोनवर सांगितलं, परवा येतोय, आता आपल्या गावाला ही शेवटची खेप. राहिलेलं मग भंगारवाला नेणार आणि घणानं फोडणार. मी तात्यांना तेच शब्द सांगितले. घण म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. "उद्या संध्याकाळी या. बबनला आणा. दोन पंच लागतील."

फ्रिज माजघरात होता. पुसून लख्ख. आत वास धरू नये म्हणून दारात घडी घातलेलं फडकं अडकवलेलं. तात्यांच्या पत्नी सुमनकाकी जाऊन तीन वर्षं झाली, पण घडी बाईमाणसाची वाटावी अशी.

पंचनामा तयार होता. माझ्या हातात देऊन तात्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

'सदर फ्रिज थंड करीत नसल्याचे पाटलाच्या लक्षात आले होते. गावच्या यात्रेचा बंदोबस्त असल्याने यात्रा झाल्यावर मेकॅनिकला बोलावू, असे पाटील म्हणाला. आत पत्नीचे इन्सुलिन होते. मयताने ते आठ दिवस टोचून घेतले. कारण: पाटलाचा निष्काळजीपणा.'

तात्यांच्या कागदावर 'मयत' हा शब्द माणसासाठी मी पहिल्यांदाच वाचत होते.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"शुगर लई वाढली म्हणले. कशानं, ते त्यांनी इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई." मग पेन पुढे केलं. "सही करा ताई."

"नाही करणार. तुम्हीच म्हणता ना, दिसतं तेवढंच लिहायचं?"

"मला दिसतंय की. रोज दिसतंय."

बबन उंबऱ्यावर नखानं माती उकरत होता. अडलं की मी काम काढते. कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला, फ्रिजचं दार उघडलं आणि म्हटलं, "मी बघून सांगते. तुम्ही लिहा."

"उंची साडेचार फूट. रंग तांबडा. आत तीन कप्पे, रिकामे."

ते लिहीत गेले.

"दार बाहेरून स्वच्छ. हँडलच्या आतल्या बाजूला हळदीच्या बोटाचा डाग. पुसलेला नाही."

पेन थांबलं. मग त्यांनी तेही लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात. फक्त 'हळद' जरा ओळीखाली उतरली. मी सही केली, बबननं केली. पहिला कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो मी मागितला नाही.

सकाळी टेम्पो आला. या वेळी बबननंच ड्रायव्हरला दम भरला, "ए पावणं, आडवा न्हाई!" आणि दोर चारी बाजूंनी आवळला. टेम्पो हलला तसे तात्या मागोमाग निघाले, वेशीपर्यंत गेले. परत येताना पाहिलं तर पायात चप्पल नव्हती.

मी यादी पूर्ण केली. त्या ओळीत कारणाचा रकाना मोकळा ठेवला. शेऱ्यात लिहिलं, 'उभा नेला.'