येसूची पहिली शिकार आणि आबांची डरकाळी

एका जंगलात, मुलांनो, धैर्यशीलराव नावाचे एक वाघ राहत होते. वाघ म्हटल्यावर ते शूरच असणार, असं तुम्ही धरून चाललात ना? जंगलातले प्राणीही तसंच धरून चालले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. धैर्यशीलराव दिसायला फारच देखणे होते. आणि त्यांचा आवाज? तो तर विचारूच नका. त्यांनी डरकाळी फोडली की पळसाची पानं थरथरायची आणि भर दुपारी घुबडाची झोपमोड व्हायची.

आता या जंगलात एक जुना रिवाज होता. पडलेल्या जनावरावर पंजा ठेवून जो पहिली डरकाळी फोडेल, शिकार त्याची. दबा कुणी धरला, धाव कुणी घेतली, शिंग कुणाला लागलं, हे विचारायचं नाही. विचारणार तरी कोण? शिकार होत असताना ती बघायला कुणी थांबत नसे. जो तो जीव घेऊन पळत असे. डरकाळी मात्र पळता पळताही सगळ्यांना ऐकू येई.

धैर्यशीलरावांच्या बायकोचं नाव सगुणाबाई. सगुणाबाई पहाटे उठायच्या, गवतातून सरपटत जायच्या, झडप घालायच्या आणि जनावर पाडायच्या. मग त्यांना धाप लागायची. ती धाप ओसरेपर्यंत धैर्यशीलराव जांभळीच्या सावलीतून उठून यायचे, पंजा ठेवायचे आणि डरकाळी फोडायचे. झाडावरचं वानर लगेच ओरडायचं, "धैर्यशीलरावांची शिकार!"

हे इतकी वर्षं चाललं होतं की धैर्यशीलरावांना ते बरंचसं खरं वाटायला लागलं होतं. पाणवठ्यावर त्यांची व्याख्यानं होत. 'शिकार : एक साधना' हे त्यातलं गाजलेलं. कोल्हा सूत्रसंचालन करी. शेवटी शाल आणि नारळ देत. वाघाला शालीची काय गरज, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. सत्कारात शाल असतेच.

या दोघांना एक लेक होती. तिचं नाव येसू. येसू आता दीड वर्षाची झाली होती, आणि तिची पहिली शिकार व्हायची होती. पळसाची फुलं गळून जायच्या आत बछड्याने स्वतःच्या डरकाळीने एक हरीण आपल्या नावावर लावायचं, की त्याला स्वतःची हद्द मिळायची. नाही जमलं तर आणखी एक वर्ष आईबापांजवळ राहायचं, सगळ्यांचं झाल्यावर पाणी प्यायचं आणि उरलंसुरलं खायचं. आणि मुलाला पहिल्या शिकारीला न्यायचं काम बापाचं, हाही रिवाजच.

बापाने न्यायचं म्हणजे आईने गुपचूप मागून जायचं, हे सगळ्या घरांत ठरलेलं होतं. पण ऐन वेळी सगुणाबाईंच्या पुढच्या पंजात साळिंदराचा काटा घुसला. पंजा टम्म सुजला.

धैर्यशीलरावांची झोप उडाली. एक दिवस ते म्हणाले, आज वारा बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज अमावस्या आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. इकडे पळसाखाली फुलांचा सडा पडत होता आणि येसू रोज सकाळी जाऊन वर किती फुलं उरली ते बघून येत होती.

शेवटी सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, आज न्या तिला. फुलं संपत आली."

"तुझा पाय बरा होऊ दे की. घाई काय आहे?"

"माझ्या पायाचा काय संबंध? शिकार तुम्हीच करता ना?"

धैर्यशीलराव उठले, आळस दिला आणि म्हणाले, "चल येसू. बघ आता तुझ्या आबांची कमाल."

आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. पण मुलांनो, तुम्हाला म्हणून सांगतो, ते आतून पार घाबरले होते. जंगलाला कळलं तरी एक वेळ चालेल, पण लेकीला कळता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. येसूच्या डोळ्यांत आबा म्हणजे कोण होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या डोळ्यांतून उतरायची त्यांना भीती वाटत होती.

दोघं निघाले. वाटेत धैर्यशीलरावांनी व्याख्यान सुरू केलं.

"शिकारीत पहिली गोष्ट म्हणजे नजर. नजरेत जरब हवी."

"आबा," येसू हळूच म्हणाली, "वारा आपल्या पाठीमागून येतोय. आपला वास पुढे जातोय."

"जाऊ दे. कोण येतंय ते त्यांना कळायला नको?"

"आबा, तुम्ही वाळलेल्या पानांवर पाय देताय. आई देत नाही."

"आईचा स्वभाव भित्रा आहे, बाळा. दुसरी गोष्ट म्हणजे छाती."

असं बोलत बोलत ते मोहाच्या झाडांजवळ आले. झाडांखाली चितळांचा कळप पडलेली फुलं खात होता. वाघाचा वास आला तशी एक तरणी हरिणी कान टवकारून पळायच्या बेतात आली. कळपातली सगळ्यांत म्हातारी हरिणी होती गंगूमावशी. तिने मान वर करून नीट पाहिलं.

"थांब गं, पळू नकोस," गंगूमावशी म्हणाली. "ते धैर्यशीलराव आहेत. मागे बाई आहेत का बघ."

"नाहीत. एक पोरगी आहे फक्त."

"मग खा निवांत."

धैर्यशीलरावांनी हे ऐकलं. येसूने ऐकलं नसेल तर बरं, असं त्यांना वाटलं. मागे वळून तिच्याकडे बघायची हिंमत मात्र होईना. तेवढ्यात गंगूमावशीने स्वतःहूनच विचारलं, "रामराम, धैर्यशीलराव! आज इकडे कुठे? बाईंचा पाय कसा आहे?"

खरं तर वाघाने इथे झेप घ्यायला हवी होती. पण इतक्या अगत्याने कुणी विचारपूस केली तर उत्तर द्यावं लागतं.

"सूज उतरतेय हळूहळू," धैर्यशीलराव म्हणाले.

"कडुलिंबाचा पाला ठेचून लावा म्हणावं. हयगय करू नका. काटा वाईट साळिंदराचा."

"सांगतो."

"आणि पोरीचं काय? पहिली शिकार व्हायची असेल ना? दिवस किती पटापट जातात."

"हो ना. काल-परवापर्यंत माझ्या शेपटीशी खेळत होती," धैर्यशीलराव म्हणाले आणि कौतुकाने मागे वळले. मागे येसू नव्हती.

येसू वाऱ्याला वळसा घालून केव्हाच पलीकडच्या गवतात शिरली होती. पोट जमिनीला टेकवून, एकेक पाऊल चाचपत ती पुढे सरकत होती. कळपाच्या टोकाला एक दांडगा नर फुलं खाण्यात गुंग होता. तो मान खाली घालेपर्यंत येसू थांबली. पुन्हा सरकली. पुन्हा थांबली. आणि मग गवतातून एकदम उसळली.

कळप उधळला. गंगूमावशी तर बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून पळाली. नराने शिंगं फिरवली, येसूचा कान फाटला, रक्त आलं. पण येसूने मान सोडली नाही. धूळ उडाली, दोघंही लोळले. बराच वेळ झटापट चालली. मग नर शांत झाला. तरीही येसूने पकड लगेच सैल केली नाही. आई करत नाही, म्हणून.

मुलांनो, धैर्यशीलरावांनी आयुष्यात पहिल्यांदा शिकार सुरुवातीपासून बघितली होती. एरवी ते शेवटी यायचे. शिकारीला इतका वेळ लागतो, इतकं थांबावं लागतं, इतकं लागतं-खुपतं, हे त्यांना आजच कळलं. त्यांना सगुणाबाई आठवल्या. आपली एवढीशी पोर! तिला पोटाशी धरावं, तिचा कान चाटावा, तिला शाब्बास म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटलं आणि ते धावत सुटले.

येसू हरणाशेजारी उभी होती. तिला धाप लागली होती. एकदा श्वास आला की डरकाळी फोडायची, म्हणून ती थांबली होती. आबांना पाहून तिचे डोळे चमकले.

धैर्यशीलराव पोचले. सवयीने त्यांचा पंजा हरणावर पडला. शाब्बास म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि तोंडातून डरकाळी बाहेर पडली.

अशी डरकाळी त्यांनी कधीच फोडली नव्हती. ऊर भरून आला होता ना! अख्खं जंगल दणाणलं.

"धैर्यशीलरावांची शिकार!" वानर ओरडलं. पुढच्या झाडावरच्या वानराने तेच पुढे सांगितलं. बघता बघता बातमी नदीपार गेली.

येसूचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "हे माझं होतं."

"हो गं बाळा, तुझंच. चुकून झालं. मी सांगतो ना सगळ्यांना. आत्ताच सांगतो."

आणि ते खरंच सांगणार होते. पण तेवढ्यात कोल्हा शाल घेऊन आला. त्याच्या मागून तरस आलं, रानडुक्कर आलं, मोर आले. कोल्हा म्हणाला, "वा, धैर्यशीलराव! मुलांवर संस्कार करावेत ते असे. लेकीला समोर उभं करून शिकार करून दाखवलीत!"

"अहो, खरं म्हणजे..." धैर्यशीलराव म्हणाले.

सगळ्यांचे कान त्यांच्याकडे लागले. येसूही त्यांच्याकडे बघत होती. शाल खांद्यावर आली होती आणि ती छान ऊबदार होती.

"खरं म्हणजे," ते म्हणाले, "हिचीही थोडी मदत झाली."

"काय हा मोठेपणा!" कोल्हा गहिवरला. मोरांनी पिसारे फुलवले. येसू खाली बसली आणि पंजाने फाटका कान पुसू लागली.

घरी आल्यावर सगुणाबाईंनी तो कान पाहिला. कान चाटून स्वच्छ केला.

"आई, मी पाडलं होतं ते."

"माहीत आहे मला."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"मी माझंच कधी सांगितलं नाही, बाळा. तुझं काय सांगू?"

धैर्यशीलराव पाठ फिरवून बसले होते. त्यांनी हे ऐकलं. हरीण चविष्ट होतं, पण त्यांना घास गोड लागेना. उद्या पाणवठ्यावर जायचं आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. आजचंच नव्हे, इतक्या वर्षांचं. पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच निघाले. बोलायचे मुद्दे मनात घोळवत होते. सुरुवात नम्रपणे करावी, की थेट विषयाला हात घालावा? अर्ध्या वाटेवर त्यांना पळसाच्या शेंड्यावर शेवटची चार फुलं दिसली. आणि पलीकडच्या माळावर सगुणाबाई दिसल्या.

सगुणाबाई लंगडत होत्या. लेकीसाठी त्या सुजलेला पंजा घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांनी येसूला जांभळीजवळ बसवलं होतं. "मी हरीण तुझ्याकडे हाकते," त्या म्हणाल्या होत्या. "झडप तू घाल. डरकाळी पण तूच फोड. आज आबा पाणवठ्यावर आहेत."

त्यांनी हरीण हाकलं. हरीण जांभळीजवळून गेलं. येसू हलली नाही. सगुणाबाईंना वाटलं, पोर बिचकली. त्यांनी वळसा घेतला, हरीण पुन्हा हाकलं. येसू सावलीत पंजे चाटत बसली होती. शेवटी सगुणाबाई स्वतःच धावल्या, तीन पायांवर धावल्या, कशीबशी झेप घेतली आणि हरीण पाडलं. मग त्या तिथेच आडव्या झाल्या. धापेने त्यांचं अंग वरखाली होत होतं.

हरीण पडलेलं दिसताच धैर्यशीलराव सवयीने पाणवठ्याची वाट सोडून तिकडे धावले. पण त्यांना उशीर झाला. येसू सावलीतून उठली होती. सावकाश चालत ती हरणापाशी आली, अंगावरची दोन पानं झटकली, पंजा ठेवला आणि डरकाळी फोडली.

काय डरकाळी होती ती! पळसाची चारही फुलं गळून पडली.

"येसूबाईंची शिकार!" वानर ओरडलं.

सगुणाबाईंनी मान उचलून लेकीकडे पाहिलं. "तू झडप का नाही घातलीस गं?" त्यांनी विचारलं.

"काल घातली होती ना, आई," येसू म्हणाली.

धैर्यशीलराव जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पाणवठ्यावर काय सांगायचं होतं, ते त्यांना आता आठवेना. "अगं, ऐकलीस का डरकाळी?" ते सगुणाबाईंना म्हणाले. "पोरगी अगदी माझ्यावर गेली!"

दीड वर्ष सगुणाबाईंनी पोरीला पानं चुकवायला शिकवलं होतं, वारा ओळखायला शिकवलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्या उठल्या आणि लंगडत पाणी प्यायला गेल्या. त्यांच्या बाजूने कोल्हा दुसरी शाल घेऊन घाईघाईने गेला. त्याने त्यांना वाट द्यायला सांगितलं.

येसूला नदीकाठची उत्तम हद्द मिळाली. येत्या महिन्यात पाणवठ्यावर तिचं पहिलं व्याख्यान आहे.

तात्पर्य : मुलांनो, शिकार मेहनतीनेच होते, यात शंका नाही. म्हणून मेहनत करणारं कुणीतरी घरात जरूर असू द्यावं, आणि आपण घसा जपावा. ते कुणीतरी आई असेल तर फारच सोयीचं. तिला धाप लवकर लागते आणि ती तक्रार करत नाही.