जवळ्याच्या जाळ्यातले पेरू

गोटीरामच्या परसातल्या पेरूला यंदा फांद्या वाकतील इतकं फळ धरलं होतं, आणि सबंध तळवलीत गोटीरामइतका दुःखी माणूस दुसरा नव्हता. कारण त्या पेरूंवर त्याच्या लेकीचं माहेरपण टांगलेलं होतं, आणि पेरूंत अळ्या पडायचे दिवस तोंडावर आले होते.

लेक कमळी नावड्याला दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, शिवाय डोहाळे लागले तेही बापाच्या झाडाच्या पेरूंचे. पण तिचा सासरा पंढरी अडून बसला होता. या पंढरीने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आगरी माणसाने मासळी सोडायची म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. त्याआधी हा गृहस्थ ताटात सुकं किंवा ओलं काहीतरी दिसल्याशिवाय पाटावर बसत नसे. गेल्या पावसात तो तळवलीला आला, गोटीरामने कौतुकाने त्याच्या हातात पेरू दिला, आणि अर्धा पेरू पोटात गेल्यावर उरलेल्या अर्ध्यात अळ्यांचं बिऱ्हाड दिसलं.

"बोंबील सोडला, कोलंबी सोडली, आन तुमी मना किडं चारलं!" पंढरी कडाडला आणि त्याने तिथल्या तिथे उपास धरला.

आता सुनेला धाडायचा विषय निघाला तसा त्याने निरोप पाठवला: "गौरी गेल्या की येतो. तुमच्या झाडाचा पेरू बिनअळीचा निघाला तर सून धाडतो. नायतर बाळंतपन हितंच व्हईल."

तेव्हापासून गोटीरामची बायको यशोदाबाई झाडाखाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

"अवो, कायतरी करा. पोर तिकडं एकटी पडंल."

"काय करू? झाडावर चढून माशा वारीत बसू?"

औषध मारावं, तर ते माळकऱ्याच्या पोटात जाणार. फडकी बांधून पाहिली, तर पावसाने भिजून पेरूच सडायला लागले. माशी फळावर बसते, तिथेच अंडी घालते, एवढं गोटीरामला माहीत होतं. वारा आत जाईल, पाणी निथळेल आणि माशी मात्र बाहेर राहील, असं काहीतरी हवं होतं. ते त्याला मेव्हण्याच्या पडवीत सापडलं. मेव्हणा धर्मा खाडीत मासेमारी करायचा, आणि त्याच्याकडे जवळ्याचं एक जुनं जाळं पडलं होतं.

"ह्या जाळ्यातून जवळा सुटत नाय, भावजी," धर्मा म्हणाला. "माशीची काय टाप? घेऊन जा."

जवळा म्हणजे भाताच्या शितापेक्षाही बारीक कोळंबी. ती जिथून निसटत नाही तिथून माशी काय शिरणार! गोटीराम जाळं खांद्यावर टाकून नाचतच घरी आला. नवराबायकोने बसून त्याच्या पिशव्या शिवल्या आणि दिसेल त्या पेरूला पिशवी चढवून सुतळीने तोंड आवळलं. माशा आल्या, पिशव्यांभोवती घोंघावल्या आणि हात हलवीत गेल्या. त्या संध्याकाळी गोटीराम पोटभर जेवला.

सकाळी तो परसात गेला, तर झाडाखाली मांजरं बसलेली.

आधी त्याला वाटलं, दोनचार असतील. मग वर पाहिलं, तर फांद्यांवरही होती. एक बोका पिशवीला पंजे मारून झोके घेत होता. जाळ्याने वर्षानुवर्षं जवळा ओढला होता, तो त्याच्या सुताच्या कणाकणात मुरला होता, आणि रात्रीच्या पावसाने भिजताच सगळा एकदम जागा झाला होता. गोटीरामला ज्या वासाची जन्मापासून सवय, तो त्याच्या नाकाला जाणवलाच नव्हता. मांजरांच्या नाकाला जाणवला.

त्याने काठी उचलली. मांजरं कुंपणावर गेली. त्याने काठी ठेवली, मांजरं परत आली. दुपारपर्यंत हाच कार्यक्रम चालला, आणि दुपारी शेजारची गोजरा वाडगा घेऊन दारात उभी राहिली.

"दादूस, वाडगाभर सुका जवळा दे. पावसाचा कुठं मिळत नाय बग."

"माझ्याकडं कुठला जवळा?"

"मना येडी समजतोस? वास माझ्या चुलीपर्यंत येतंय!"

"अगं, तो पेरूचा वास हाय."

गोजराने त्याच्याकडे असं पाहिलं, की शिवी परवडली असती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की व्याही माळकरी म्हणून गोटीराम जवळ्याच्या गोणी लपवून बसलाय. वाडगे घेऊन आणखी दोघी आल्या. मागाहून देवजी म्हातारा आला आणि नुसताच ओट्यावर बसून राहिला. वास बरा वाटतो म्हणाला.

"ही बोंब नावड्याला गेली तर?" यशोदाबाई परसात धावली. "काढा त्या पिशव्या! उकळून काढते."

"काढू कशा? माशा टपूनच हायेत. पिशवी निघाली की अळी झालीच समज."

म्हणून गोटीरामने पिशव्या झाडावरच धुवायच्या ठरवल्या. रिठ्याच्या पाण्याची कळशी घेऊन तो वर चढला आणि एकेका पिशवीवर पाणी ओतत सुटला. धुऊन धुऊन सगळा वास पिशवीतून निघाला आणि आत पेरूच्या सालीत शिरला. हे त्याला खाली उतरल्यावर, एक पेरू हुंगून पाहिल्यावर कळलं. तो तसाच चिखलात बसला. माळकऱ्याला जवळ्याचा पेरू चारायचा! यापेक्षा अळ्या बऱ्या होत्या. त्याला रडू येत होतं, आणि भोवती मांजरं येऊन बसली होती.

गौरी गेल्या आणि पंढरी आला. पाय धुतले, पाणीही न पिता सरळ परसात गेला.

"एवढी मांजरं?"

"पाळलीत," गोटीराम म्हणाला.

पंढरीने स्वतः निवडून एका पिशवीवर बोट ठेवलं. गोटीरामने पेरू काढला, पुन्हापुन्हा धुतला आणि विळीवर चिरला. आत एक अळी नव्हती. पांढराशुभ्र, रसरशीत पेरू! एरवी गोटीराम हरखला असता. पण पंढरीने फोड तोंडाजवळ नेली आणि तो थांबला.

त्याच्या नाकपुड्या हलल्या. डोळे मिटले गेले. यशोदाबाईने दाराची चौकट धरली. गोटीरामच्या डोळ्यांपुढे नावड्याला एकटीच कण्हणारी कमळी उभी राहिली.

पंढरीने फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. दुसरी घेतली, मग तिसरी.

"मीठ हाय?" त्याने विचारलं.

मीठ आलं.

"जरा तिखट?"

तिखटही आलं. पंढरीने आणखी एक पेरू काढायला लावला, पाटावर मांडी घातली आणि घसा खाकरून, कुणाकडेही न बघता म्हणाला, "तांदळाची भाकर असंल ना घरात?"

नावड्याच्या पंढरीने त्या दिवशी पेरूशी भाकरी खाल्ली. एक नव्हे, टोपलीतल्या होत्या तेवढ्या. कपाळावर घाम आला होता आणि डोळे भरून आले होते. शेवटी बोटं चाटून त्याने हात धुतले, माळ सारखी केली आणि मोठा ढेकर दिला.

"अळी नाय," तो म्हणाला. "शब्द तो शब्द. पोरीला धाडतो."

यशोदाबाईने हात जोडले. गोटीरामला इतका हलका श्वास कित्येक दिवसांत आला नव्हता.

"पन पोर पहिलटकरीन," पंढरी पुढे म्हणाला. "तिच्यासंगं आमच्यातलं मानूस पायजे. तिची सासू भात कापनीत अडकंल. म्हनून मीच येतो. बारसं होईस्तवर ऱ्हातो."

"तवर पेरू सरतील, याही," गोटीराम कसाबसा बोलला.

"सरू द्या की. मग त्या पिशव्या पडवळाला बांधा. भाजीला काय कीड लागत नाय?" पंढरी उठला, धोतर झटकलं आणि जाता जाता गोटीरामच्या कानाशी वाकला. "आन उगाच धुवू नका त्या, आं. सूत कुजतं."