मलासुद्धा न उघडणारं कुलूप

माणसाने सुधारायचं ठरवू नये, आणि ठरवलंच तर आधी बायकोला सांगावं, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. मी ठरवलं ते एका रविवारी, अर्ध्या दिवसात, आणि तेही शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या नादाने.

माझं कुलपांचं आणि किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक काउंटर, मागे भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि कोपऱ्यात किल्ली कापायचं मशीन. मशीनवर मी बसतो आणि काउंटरवर बायको उभी राहते. ही वाटणी बावीस वर्षांपूर्वी आपोआप झाली, कारण गिऱ्हाईक समोर आलं की माझ्या तोंडालाच कुलूप लागतं. (इथे किती बोलतोय बघा. पण समोर कुणी उभं राहिलं की संपलं.) बायकोचं उलट आहे. किल्ली हरवून रडकुंडीला आलेला माणूस तिच्याशी पाच मिनिटं बोलतो, एकाऐवजी दोन किल्ल्या करून घेतो आणि वर तिचेच आभार मानून जातो.

दुकानात मला एकच वाक्य बोलता येतं. कुणी सगळ्यात भारी कुलूप मागितलं की मी मशीनवरून मान वर करतो आणि म्हणतो, "हे मलासुद्धा उघडत नाही." गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. आमच्या इमारतीतल्या सोळा दारांपैकी अकरा दारांना हेच कुलूप आहे, ते या एका वाक्याच्या जोरावर. (खरं म्हणजे मी ते कधी उघडून बघितलंच नव्हतं. मनातून मात्र खात्री होती की दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या स्वतःच्या दाराला अर्थातच जुनंपुराणं कुलूप होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.)

तर लाँड्रीवाल्याने मला छोट्या व्यावसायिकांच्या शिबिराला नेलं. विषय होता मानसिकता, संवाद आणि समतोल यश. तिथे एक केकवाली होती, एक झेरॉक्सवाला होता, आणि नळाच्या दुकानातले दोन सख्खे भाऊ होते, जे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हॉलच्या दोन टोकांना बसले होते. शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं. त्यावर चार नियम होते. बोलण्याआधी तीन खोल श्वास घ्या. नजरेला नजर द्या. आपलं बोलून झालं की गप्प राहा, शांततेला घाबरू नका. आणि चौथा, आपल्या माणसांना मोकळं करा.

हा चौथा नियम माझ्या काळजाला लागला. धंद्यात अडकलेला माणूस घरच्यांनाही त्यात अडकवून ठेवतो, असं सर म्हणाले, आणि मला बायकोचे गुडघे दिसायला लागले. गेले दोन महिने ती घरी आली की पलंगाच्या कडेवर बसून गुडघे चोळत असते. मी बघतो आणि काही बोलत नाही. सरांनी गृहपाठ दिला की चोवीस तासांच्या आत घरच्या सगळ्यात जवळच्या माणसाशी एक अवघड संवाद करायचा. चहाच्या सुट्टीत लाँड्रीवाला म्हणाला की त्याची मेहुणी काम शोधतेय, आधी एका दवाखान्यात काउंटरवर होती, हसतमुख आहे, इंग्रजीसुद्धा बोलते. मी तिथल्या तिथे तिला फोन करून पक्कं करून टाकलं. एवढा झटपट निर्णय मी लग्नाच्या वेळीही घेतला नव्हता.

सोमवारी सकाळी चहा पिताना मी संवादाला बसलो. आधी तीन खोल श्वास घेतले. छातीत दुखतंय का, असं बायकोने विचारलं. मी नाही म्हणून हात हलवला, नजरेला नजर दिली आणि म्हणालो,

"आजपासून मी तुला मोकळं करतोय."

कप बशीत ठेवता ठेवता तिचा हात थांबला. मी नियमाप्रमाणे गप्प राहिलो.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे बावीस वर्षं पुष्कळ झाली. तुला त्रास होतोय, मला दिसतं ते. आता बास."

फ्रिज घरघर करत होता. मी शांततेला अजिबात घाबरलो नाही.

"दुसरी कोणी बघितलीय?"

बाईची समज किती तल्लख, असं मला वाटलं. "बघितलीय. लाँड्रीवाल्याची मेहुणी. हसतमुख आहे. इंग्रजी बोलते."

"आणि येणार कुठे ती? इथे?"

"मग आणखी कुठे? तुझ्याच जागी. पुढच्या सोमवारपासून. फक्त पहिले आठ दिवस तू तिला सगळं शिकवून ठेव. तुझ्यासारखं तिला लगेच जमणार नाही."

ती उठली आणि आत गेली. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले होते. नवऱ्याला आपल्या गुडघ्यांची एवढी काळजी आहे हे कळल्यावर कुठल्याही बाईचे भरून येतील, असा मी त्याचा अर्थ लावला. खिशातलं कार्ड काढून चारही नियमांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि एकटाच दुकानात गेलो.

दुकानात माझी पाचावर धारण बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, मी तीन खोल श्वास घेतले, तेवढ्यात ते निघून गेलं. दुसऱ्याच्या नजरेला मी नजर दिली, तर तो दोन पावलं मागे सरकला. येणारा प्रत्येक जण विचारत होता, वहिनी कुठे आहेत? आणि मी प्रत्येकाला अभिमानाने सांगत होतो की मी तिला मोकळं केलं. आमच्या इमारतीतले निवृत्त मुख्याध्यापक बॅगेचं कुलूप घेऊन आले होते. हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कुलूप दुरुस्त न करताच घरी गेले.

दुपारी बायको आली. काउंटरच्या आत आली नाही, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिली आणि म्हणाली की मला ते कुलूप द्या, तुम्हालासुद्धा न उघडणारं. बसली असेल कुणाशी तरी बोलत आणि आणली असेल ऑर्डर, असं मला वाटलं. मोकळी होऊनसुद्धा बाईचं मन दुकानातच, म्हणून मला भरून आलं. गिऱ्हाईकाला कारण विचारू नका, गरज विचारा, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणून मी गरज विचारली.

"नको असलेला माणूस आत येऊ नये म्हणून हवंय," ती म्हणाली.

मग हेच घे, मी म्हणालो. एवढंच नाही, तर सोबत दिलेले स्क्रू न वापरता लांब स्क्रू वापर, चौकट जुनी असेल तर आखूड स्क्रू धरत नाहीत, असा सल्लाही दिला आणि लांब स्क्रू माझ्या हाताने पुडीत बांधून दिले. बावीस वर्षं काउंटरवर राहून ती कुलूप बसवायला कधी शिकली, हे मला माहीत नव्हतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ बघितलेत, पण धोंड्याबरोबर स्क्रू देणारा मी पहिलाच असेन.

दुकान लवकर बंद करून संध्याकाळी सातला घरी आलो. किल्ली लावायला गेलो तर ती आत जाईना. खाली वाकून बघितलं आणि माझे डोळे पांढरे झाले. ओळखीचं तोंड होतं. रोज मी ते विकतो, पण आजवर त्याच्या या बाजूला कधी उभा राहिलो नव्हतो. मी बेल वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी."

"तुम्ही मला मोकळं केलंत ना? मीही तुम्हाला केलं. आता जा तिच्याकडे आणि बोला इंग्रजीत."

तिच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पायाखालची फरशी सरकली. सकाळचा सगळा संवाद डोक्यात पुन्हा वाजला, शब्द न् शब्द, या वेळी तिच्या कानांनी. बघितलीय, हसतमुख आहे, तुझ्याच जागी, आठ दिवस तू तिला शिकव. मला दरदरून घाम फुटला. बावीस वर्षांच्या संसाराला मी कार्ड बघून टाळं लावलं होतं.

तेवढ्यात मजल्यावरची तीन दारं उघडली. तिन्हींना माझंच कुलूप. समोरच्या काकू हातात झारा घेऊनच आल्या. मुख्याध्यापक जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले की मी दुपारीच ऐकलं होतं, यांच्याच तोंडून. आता सगळं खरं सांगायचं, तर समोर पाच माणसं. झालं, माझी दातखीळ बसली. मी तीन खोल श्वास घेतले.

"श्वास काय घेताय, बोला," आतून बायको म्हणाली.

शब्द फुटेना. मग ज्याला बोलता येत नाही तो जे करतो ते मी केलं, पिशवीतून हत्यारं काढली. मुख्याध्यापक एक पायरी खाली आले.

"हे तुम्ही उघडणार?" ते म्हणाले. "पण हे तुम्हालासुद्धा उघडत नाही, असं म्हणाला होतात."

आणि तिथे मी अडकलो. उघडलं तर अकरा दारांसमोर खोटा ठरणार आणि धंदा बुडणार. न उघडलं तर घर जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. समतोल यश म्हणतात ते असं दाराबाहेर येऊन उभं राहील, हे सरांनी सांगितलं नव्हतं. पण खरं सांगतो, फार विचार करावा लागला नाही. आत ती रडत बसली होती आणि ते माझ्यामुळे होतं. दुकान गेलं खड्ड्यात, असं मी मनात म्हणालो, गुडघे टेकले आणि सळई घातली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझे गुडघे ठणकायला लागले. (दोन महिने ती काय सोसतेय ते मला अर्ध्या तासात कळलं.) चाळीस मिनिटांनी मी हत्यारं खाली ठेवली. कुलूप उघडलं नाही. आयुष्यभर थाप म्हणून मारलेलं वाक्य शंभर टक्के खरं निघालं होतं. मागे सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. समोरच्या काकू काकांना म्हणाल्या की बघा, घेतलं ते बरंच झालं. त्यांनी मला पाणीसुद्धा आणून दिलं.

आणि मग, धंदा वाचला आणि घर गेलं असं वाटल्यावर, माझं तोंड आपोआप उघडलं. दाराला डोकं टेकवून, श्वासबिस न घेता मी बोललो.

"अगं, काउंटरवर ठेवतोय तिला. काउंटरवर. तुझे गुडघे दुखतात म्हणून. तुला कामातून मोकळं करतोय म्हणायचं होतं मला, माझ्यातून नाही. आज दिवसभरात एक किल्ली खपली नाही. तू नसलीस की मला माणसाशी बोलता येत नाही, आणि तू नसलीस तर मला बोलायचं तरी कुणाशी आहे?"

आत शांतता. माझ्या लक्षात आलं की शांततेला तीही घाबरत नाही.

"आणि मला विचारलंत?" ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"मला मोकळं व्हायचंय का ते."

हा नियम कार्डावर नव्हता.

मग खट् आवाज झाला आणि दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. ते बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली बघत हत्यारं गोळा करत राहिलो. ती म्हणाली की काउंटर तिचं आहे आणि ती ते कुणाला देणार नाही. गुडघ्यांसाठी फक्त एक उंच स्टूल हवं होतं. ते आणा म्हणून ती मला दोन महिने सांगत होती. मशीनच्या आवाजात मी प्रत्येक वेळी मान डोलावली होती म्हणे. जमलेल्या लोकांकडे वळून, सुजल्या डोळ्यांनीच, तिने इमारतीतल्या उरलेल्या चार दारांच्या ऑर्डरी घेतल्या.

स्टूल दुसऱ्याच दिवशी आलं. राहिली मेहुणी. पोरीला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही, असं बायको म्हणाली. काउंटर तर तिचं स्वतःचं. मग दुकानात उरलं काय, याचा हिशेब तुम्हीच करा. मेहुणी पुढच्या सोमवारी आली आणि आठ दिवसांत मशीन माझ्यापेक्षा साफ चालवायला लागली. नवव्या दिवशी चहा पिताना बायकोने तीन खोल श्वास घेतले, नजरेला नजर दिली आणि म्हणाली, "आजपासून मी तुम्हाला मोकळं करतेय." या वेळी कुणाचा काही गैरसमज झाला नाही.

हल्ली सर प्रत्येक शिबिरात माझं उदाहरण देतात. धंदा वाढला आणि मालक पूर्ण वेळ घरी, याहून समतोल काय असतो, असं ते विचारतात. त्यांचं एका बाबतीत चुकतं. मी घरी नसतो. त्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या होत्या. एक बायकोकडे आहे, एक अडीअडचणीला मेहुणीकडे आणि एक मुख्याध्यापकांकडे. मीही एक मागितली होती, तेव्हा बायको म्हणाली की किल्लीवाल्याला किल्ली कशाला लागते. आज भाजी आणायला खाली उतरलो आणि मागे दार आपोआप लागलं. मुख्याध्यापक बाहेर गेलेत, दुकानात जाऊन किल्ली मागावी तर गिऱ्हाईकांसमोर तोंड उघडावं लागेल, आणि दुकान आठला बंद होतं. तेव्हा हे सगळं मी निवांतपणे जिन्यात बसून लिहिलंय.