वसंत वाचनयादी आणि दुप्पट होणारे कंद

तर बाळांनो, एका जंगलात वाचनालय होतं. हसताय काय? होतं. कुसुंबाच्या ढोलीत काचेचं कपाट, कपाटात पुस्तकं आणि कपाटाला कुलूप. किल्ली ग्रंथपाल कासवाच्या कवचाखाली. पुस्तकं हाताळली की फाटतात, फाटली की तपासणीत कमी भरतात आणि कमी भरली की अनुदान जातं. म्हणून कासवानं बावीस वर्षं एकही पुस्तक कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं. त्याबद्दल त्याला आदर्श ग्रंथपाल पुरस्कारही मिळाला होता.

दर वसंतात हे वाचनालय किशोरांसाठी वाचनयादी काढायचं. पळसाच्या पानावर, सुबक अक्षरात. पहिल्या क्रमांकावर कविता, शेवटच्या क्रमांकावर पैशाचं नियोजन. (जंगलात पैसा म्हणजे कंद, हे तुम्हाला कळलं असेलच.) यादी समिती करायची. समितीतल्या कुणी ही पुस्तकं वाचली होती का, असं विचारायचं नसतं. समित्या वाचत नाहीत, सुचवतात.

त्या वर्षी यादीचा खर्च कोल्ह्यानं केला. मोठा दानशूर प्राणी हो! त्यानं नुकतीच वसंत ठेव योजना काढली होती. पाडव्याला माझ्या बिळात दहा कंद ठेवा, अक्षय्य तृतीयेला वीस घेऊन जा. यादीच्या खाली या योजनेची जाहिरात होती, यादीपेक्षा ठळक.

त्याच जंगलात सगुणा नावाची साळिंदराची पोर राहायची. चौदा वर्षांची. तिच्या बापानं, रावजीनं, अख्खा हिवाळा माती उकरून साठ कंद साठवले होते. वैशाखात जमीन दगड होते, तेव्हा घरानं खायचं ते हेच. पण रावजीला आता साठाचे एकशेवीस दिसायला लागले होते. सगळे कंद कोल्ह्याकडे ठेवायचे, असं त्यानं घरात जाहीर केलं. सगुणाच्या आईला कुणी विचारलंच नव्हतं.

सगुणाला मात्र हे पटेना. पाडवा चार दिवसांवर होता. तिनं धावत वाचनालय गाठलं आणि यादीतलं शेवटचं पुस्तक मागितलं.

कासव गडबडलं. यादीतलं पुस्तक मागायला कुणी येईल, ही शक्यता समितीनं धरलीच नव्हती. मग त्यानं एक नियम शोधून काढला. पैशाचं पुस्तक हवं असेल तर वडिलांची चिठ्ठी आणायची, कारण वडिलांना पैशातलं कळतं. रावजीनं चिठ्ठी दिली नाही. पाडवा होऊ दे, मग वाच निवांत, म्हणाला.

शेवटी कासवाला दया आली. कपाट डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली कवितांचं एक पुस्तक सरकवलेलं होतं. ते त्यानं काढून दिलं. कवितेनं कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्या पुस्तकात एका आंब्याची कविता होती. आपला मोहोर बघून झाड हरखतं, डहाळी न् डहाळी मोजतं. मग वारा येतो, गारा येतात आणि शेवटी हाती लागतात चार आंबे. सगुणानं ती तीनदा वाचली. खऱ्या झाडावर असलेलंसुद्धा गळतं, तर बिळात नुसतं ठेवलेलं वाढेल कसं, असं तिला वाटायला लागलं. वाचनाचे दुष्परिणाम असे सुरू होतात.

पाडव्याला सगळं जंगल गाठोडी घेऊन मांडवात जमलं. वाचन सप्ताहाचा समारोपही तिथेच उरकायचा होता. कोल्ह्यानं भाषणात सांगितलं, की तरुण पिढीनं प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. टाळ्या पडल्या. सगुणाला वाटलं, हा खरंच म्हणतोय. पोरच ती. उभी राहिली.

"कोल्हेकाका, बिळात ठेवलेले कंद वाढतात कसे? आधी न्यायला येतील त्यांना तुम्ही नंतरच्यांचेच देणार ना? मग सगळ्यात शेवटी आलेल्यांना कोण देणार?"

कासवानं मान आत घेतली. कोल्हा गोड हसला. "सध्या काय वाचतेस, बाळ?"

"कविता."

"वाटलंच," तो म्हणाला आणि सगळा मांडव खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं रावजी हसला, शरमेनं. लहान तोंडी मोठा घास, असं पुटपुटत त्यानं साठच्या साठ कंद कोल्ह्यापुढे ओतले.

अक्षय्य तृतीयेला बीळ रिकामं होतं. कंद नव्हते आणि कोल्हाही नव्हता.

मग सभा भरली. कोल्ह्याला दोष द्यावा, तर त्याला हार सगळ्यांनीच घातले होते. समितीला द्यावा, तर चौकशी समितीच करणार होती. बराच खल झाला आणि सर्वांना सोसेल असं कारण सापडलं. कोल्हेसाहेब माणूस चांगला, पोरीनं चारचौघांत पाणउतारा केला म्हणून रुसून गेले. यादीतून कविता काढून टाकण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

वैशाखात बापलेक दिवसभर जमीन उकरत होते. नखं तुटली तेव्हा कुठे एक मुळी हाती लागली, बोटाएवढी. रावजीनं ती सगुणापुढे सरकवली. आता बाप चुकलो म्हणेल, असं तिला वाटलं.

"खा," रावजी म्हणाला. "पण त्या दिवशी तू गप्प बसली असतीस, तर आज एकशेवीस असते."

सगुणानं मुळी मोडली, अर्धी त्याला दिली आणि पुन्हा उकरायला लागली.

तात्पर्य : किशोरांनी वसंतात भरपूर वाचावं, थोरांना बरं वाटतं. वाचलेलं कळलं, तर मात्र ते कुणाला कळू देऊ नये. बुडालेला माणूस बुडवणाऱ्याला एक वेळ माफ करतो. आधीच सांगणाऱ्याला नाही.