दाजींचा डॅनिश बाबलो

आमचे शेजारी दाजी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणतात. "चाय ठेव गो, ओव्हर." आणि मग त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, काही बोलेपर्यंत गप्प बसून राहतात. वहिनींना राग आला की त्या उत्तरच देत नाहीत, आणि चहा होईपर्यंत दाजी बिचारे लाइनवर थांबून असतात.

दाजींचा जन्म गेला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस खोलीत. एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि समुद्रावरच्या होड्यांचे आवाज. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मोबाइलवर बोलताना ते खिडकीतून समुद्राकडेच बघतात. मुलगा बोलत असतो पुण्याहून.

अशा माणसाच्या हाती डॅनिश सिनेमा लागला, हा सगळा दोष जहाजावर काम करणाऱ्या त्यांच्या भाच्याचा. त्याने सुट्टीत आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये तो एकच सिनेमा उघडायचा. दीड तास एकच खोली. त्यात एकच माणूस, समोर वायरलेस, कानावर हेडफोन. बाहेर धुक्यात एक मासेमारी होडी अडकलेली, पण ती दिसत नाही, नुसते आवाज. खाली भाषांतराच्या ओळी नाहीत. गावात कुणाला डॅनिशचं ओ की ठो कळत नाही.

दाजींनी तो सात वेळा पाहिला आणि जाहीर केलं, "माका सगळा कळला, ओव्हर."

तेव्हापासून त्यांच्या पडवीत टीव्हीवर दर रविवारी दुपारी हा खेळ लागू लागला. टीव्हीचा आवाज बारीक, आणि शेजारी बसून दाजी सगळ्यांचे संवाद मालवणीत बोलणार. नायकाचं नाव त्यांनी ठेवलं बाबलो. होडी हाकणारा तांडेल, त्याची बायको, बंदरावरचा साहेब, सगळे आवाज दाजींचेच. दशावतारात एका बाकड्यावर इंद्राची सभाही भरते आणि अरण्यही होतं, त्यामुळे एका खोलीचं कुणाला नवल नव्हतं. तरी एकाने शंका काढलीच, "दुसरी खोली कित्याक दाखवनत नाय?"

"दुसऱ्या खोलयेर भावाचो हिस्सो आसतलो," दाजी म्हणाले. "तो सही देना नसतलो, ओव्हर."

हे सगळ्यांना पटलं. बाबलो तीन मिनिटं सलग ओरडतो तिथे दाजी सांगत, "हो आता सोसायटीच्या चेअरमनाक शिये घालता." त्या तीन मिनिटांसाठी लोक पुन्हा पुन्हा येत. तांडेलाची बायको रडवेल्या आवाजात बोलते तिथे ती बांगड्याचं तिखलं निवत चाललंय म्हणून कावलेली असे. आणि शेवटी बाबलो हेडफोन काढून मान खाली घालतो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या शेवंतीकाकी हटकून विचारत, "इलो काय रे तो?"

"इलो गो काकी, इलो. होडी बंदराक लागली, ओव्हर."

काकी पदर सारखा करून घरी जात. त्यांचा नवरा गणपत तांडेल एका वादळात होडीसकट गेला, त्याला खूप वर्षं झाली.

आता माझं सांगतो. मी इथल्या शाळेत मास्तर, मूळचा घाटावरचा. पुण्याला तीन दिवसांचं सिनेमाचं शिबिर केल्यापासून मला 'अवकाश' आणि 'चौकट' हे शब्द वापरल्याशिवाय जेवण जात नाही. एका थोर मिनिमलिस्ट कलाकृतीचा असा तमाशा मला बघवेना. मी इंग्रजी भाषांतर मिळवलं, महिनाभर खपून मराठी ओळी केल्या आणि सत्यनारायणाच्या पूजेला, महाप्रसादानंतर, देवळाच्या मंडपात शाळेच्या प्रोजेक्टरवर खरा सिनेमा दाखवायचं ठरवलं. खरा सिनेमा भलताच होता. होडी परत येत नाही. बाबलोच तिला सांगतो, तिथेच थांबा, मदत येतेय. मदत पोचत नाही.

पूजेच्या सकाळी मी मोठ्या ऐटीत शेवटचं पान दाजींना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला.

"माका ठावक आसा," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी कळला. भाषा खंयचीय असांदे मास्तर, आवाज कळता. मी पण तसाच सांगितलंय. 'गणपत, थंयच रव, लाँच येता.' त्येना माझा ऐकल्यान."

माझी विद्वत्ता एकदम फार हलकी वाटायला लागली, आणि स्वतःची लाज वाटली.

"काकी वाचता," दाजी पुढे म्हणाले. "चौथीपर्यंत शिकली हा. पण तुमी मेहनत केलास. दाखवा, ओव्हर."

दुपारी मंडप भरला. दाजी पार मागे, खांबाला टेकून बसले. काकी नेहमीप्रमाणे पुढे. पडद्यावर माझ्या शुद्ध मराठी ओळी उमटू लागल्या आणि दहा मिनिटांत कुरबूर सुरू झाली. "दाजीनू, तुमी बोला! ह्या वाचूक आमी शाळेत इलंव काय?" काकी मात्र ओळीवरून बोट फिरवावं तशी मान हलवत एकेक अक्षर लावत होत्या.

मी रिमोट उचलला आणि ओळी बंद केल्या. "काहीतरी बिघडलंय," मी मोठ्याने म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कलाजीवनातल्या त्या पहिल्या टाळ्या.

दाजींना ओढून पुढे आणलं, हातात माइक दिला. चेअरमनला शिव्या झाल्या, तिखलं निवलं. शेवट आला. बाबलोने हेडफोन काढला, मान खाली घातली.

"इलो काय रे तो?" काकींनी विचारलं.

दाजींनी माइक तोंडाशी नेला. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. काकी वाट बघत होत्या.

इतक्या वर्षांत मी मालवणी बोललो नव्हतो. "इलो, काकी," मी म्हणालो. "बंदराक लागलो."

काकींनी माझ्याकडे वळून बघितलं, मग दाजींकडे. "उशीर केल्यान मेल्यान," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाजींच्या हातातला माइक काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"ऊठ रे दाजी. तुझी डूटी संपली आता. चल, चाय घे."

दाजी उठले. "येतंय," म्हणाले. मी थांबून ऐकत राहिलो, पण पुढे 'ओव्हर' आलं नाही.